तिसरं नाव

हॉविस सुईणीला एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि माझ्या वाचनातल्या चुका काढणारी अख्ख्या गावात ती एकटीच होती. बाकीच्यांना मी काय वाचतो याच्याशी देणंघेणं नव्हतं. मी वाचतो एवढंच त्यांना पुरे. आमच्या टेम नदीकाठच्या गावात मी तीस वर्षं चर्चचा कारकून होतो. घंटा वाजवायची, पाद्र्याचे झगे घडी करून ठेवायचे, आवारातलं गवत कापायचं, कबर खणायची, मेणबत्त्यांची थोटकं जपायची. असल्या कामाला कोण मान देतो? मान मिळायचा तो कवितेमुळे, आणि तो मान माझ्या डोक्यात जाऊ नये याची काळजी हॉविसमावशी घ्यायची.

ती कविता मी तरुणपणी वुस्टरहून आणली होती. तिथल्या मठात माझा मावसभाऊ होता, त्याच्याजवळ सुटी पानं होती, आणि एका हिवाळ्यात बोटं गारठवून घेत मी ती सगळी उतरवून काढली. कवीचं नाव कुठेच नव्हतं. गोष्ट अशी, की आत्मा नावाची एक विधवा आपलं माहेर शोधायला निघते. वाटेत लोभ, मत्सर, आळस, खादाड असले सोबती तिला भेटतात आणि तिची चादर, जोडे, शिदोरी एकेक करून लांबवतात. शेवटी ती अनवाणी एका गढीशी येते. दारावर सत्य उभं. ते प्रत्येकाला एकच विचारतं: खरं सांग, कोण तू? खोटं बोललं तर साखळी निघत नाही. आणि खरं बोललं तरी निघेलच असं नाही, कारण खरं सांगायला गेलं तर आपल्यातले बहुतेक जण आत घ्यायच्या लायकीचे नसतातच. विधवा तिथेच रडत बसते. मग आतून प्रीती धावत येते.

‘प्रीती पळत पुढे, पायऱ्यांवर पाणी, पाहुणीचे पाय पुसले.’

कविता जुन्या वळणाची. यमक नाही, त्याऐवजी एका ओळीत एकच अक्षर तीनदा तरी ठोकायचं, लोहार घण घालतो तसं. रविवारी दुपारी हॉविसच्या अंगणात बायाबापे जमायचे, ती घरच्या बिअरचा घडा मधे ठेवायची, आणि मी वाचायचो. ती चातीवर लोकर कातत ऐकायची. कुठे घाव चुकला की चाती थांबलीच.

“काय म्हणालास? सत्य दार सोडेना?”

“हो. का?”

“दार नाही, साखळी. ‘सत्य साखळी सोडेना.’ तुझा ‘स’ कुठे गेला, कारकुना? बिअरमध्ये पडला?”

मी पान डोळ्यांजवळ नेऊन बघायचो तर साखळीच असायची. लोक पोट धरून हसायचे. एकदा लोभाच्या वर्णनात लाल दाढी आली आणि आमच्या लाल दाढीच्या गिरणीवाल्याने आठ दिवस माझं दळण मागे ठेवलं. मी त्याला परोपरीने सांगितलं की हे वर्णन तुझ्या जन्माआधीचं आहे. तो म्हणाला, “म्हणजे माझ्या बापाचं!”

हॉविससाठी तर ती सगळी माणसं खरीच होती. कुणाच्या घरी उन्हं वर आली तरी चूल थंड दिसली, की ती दारातून म्हणायची, “आळस मुक्कामाला आलाय वाटतं तुमच्याकडे?” अडलेल्या बाईची कंबर चोळताना सांगायची, “धीरबाबा बाहेर बाकावर बसलेत बघ. बोलावू का आत?” आणि ती बाई एवढ्या कळांतही ओरडायची, “मावशी, इथे बाप्याला कशाला आणतेस!” मग दोघी हसायच्या, आणि हसता हसता मूल थोडं पुढे सरकायचं. गावातली निम्मी पोरं अशी हसण्यावर जन्मली आहेत.

ती सुईण झाली त्याला कारण होतं, आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक असून कुणी बोलत नसे.

मोठी मरी आली तेव्हा हॉविस बावीस वर्षांची होती, दिवस भरलेली. दहा दिवसांत आधी पाद्री गेला, मग गावची सुईण, मग हॉविसचा नवरा. त्यानंतर दोन दिवसांनी ती एकटीच बाळंत झाली. तिलाही ताप होता. मुलगी अर्धा दिवस जगली आणि बाप्तिस्म्यावाचून गेली. बाप्तिस्मा नाही म्हणजे नाव नाही, आणि चर्चच्या आवारात जागाही नाही. हॉविस उठून बसण्याइतकी बरी झाली तेव्हा तिने आपल्याच हाताने आवाराच्या कुंपणापलीकडे खड्डा केला. असल्या मुलांचं पुढे काय होतं ते पाद्री सांगतात: त्यांना वेदना नसते म्हणे, पण देवही दिसत नाही. वेशीबाहेर बसवून ठेवल्यासारखं, कायमचं.

सहा वर्षांनी एक फिरता साधू प्रवचनाला आला आणि बोलता बोलता म्हणून गेला, की मूल जाईलसं वाटलं आणि पाद्री जवळ नसला, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. बाईसुद्धा. नुसतं पाणी हवं आणि शब्द बरोबर हवेत. लोक माना डोलवत होते. हॉविस उठून बाहेर गेली आणि चर्चच्या भिंतीला टेकून उभी राहिली. मी घंटेच्या दोरीशी होतो, मला दिसलं. ती रडत नव्हती. मला म्हणाली, “हॅमो, एवढंच होतं? पाणी तर होतं रे माझ्याजवळ.”

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे शब्द शिकायला आली. मी सांगितले, तिने एकदाच ऐकले आणि परत म्हणून दाखवले. “पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते.” मग जरा थांबून म्हणाली, “तीन ‘प’. ज्याने केलं त्याला ओळ बांधता येत होती.” आमचे तेव्हाचे म्हातारे पाद्री हे ऐकून खोकला लागेपर्यंत हसले, आणि त्यांनी तिला सुईणपणाची शपथ दिली.

त्यानंतर वीस वर्षांत तिने ते शब्द नऊ वेळा वापरले. नऊही मुलांची आवारातली जागा पक्की झाली. त्यांतली दोन तर जगली आणि म्हातारी होऊन मग जातील. एक सध्या माझ्या शेजारी राहते आणि तिच्या कोंबड्या माझ्या वाफ्यात येतात.

म्हातारे पाद्री गेले आणि पाद्री ऑस्बर्ट आले. ऑक्सफर्डला दोन वर्षं शिकलेले, किडकिडीत, बारा महिने सर्दी. कमरेला एक छोटं पुस्तक लटकवलेलं, त्यात पाद्र्याने कधी काय करायचं ते सगळं लिहिलेलं. मला ते आवडत नव्हते, हे कबूल करतो. चर्चच्या दारात कवितेतले नुसते दोन शब्द उच्चारले तरी त्यांचं नाक लाल व्हायचं. “पापं ही दाढ्या लावून हसण्याची गोष्ट नव्हे, हॅमो,” असं एकदा म्हणाले. हॉविसला हे सांगितलं तर ती म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. पण एवढं शिकलेल्या माणसाला रुमाल मिळू नये?”

आता ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो गवतकापणीतला. दुपारचं कडक ऊन, गाव सगळं कुरणात, आणि मी आवारात विळा चालवत होतो. हॉविस फाटकातून आली. बाह्या अजून कोपरापर्यंत वर होत्या.

“हॅमो, खड्डा लागेल. लहानच.”

सकाळपासून ती एमटकडे होती हे मला माहीत होतं. एमट म्हणजे काटक्यांच्या ताट्या विणणाऱ्या ड्रूची बायको, आधीच्या दोन मुली, हे तिसरं. मी विळा खाली ठेवला.

“मुलगा होता,” हॉविस म्हणाली. “पायाकडून आला. निळा पडला होता. मी फुंकर घातली, चोळला, तर डोळे उघडले त्याने. माझं बोट धरलं. पण मला कळलं, राहणार नाही हा.”

“पाणी?”

“घातलं ना. जिवंत असताना घातलं. बोट धरलेलंच होतं त्याने.”

“मग चांगल्या जागी गेला बघ. एमट?”

“ती वाचेल.” हॉविस थडग्याच्या दगडावर बसली. दमली होती बिचारी. एकोणपन्नास वर्षांची बाई, पहाटेपासून गुडघ्यांवर. “शब्द म्हटले, पाणी घातलं, आणि तो गेला. इतकं पटकन गेला की शब्द आधी संपले की तो, सांगता नाही यायचं. पित्याच्या, पुत्राच्या आणि प्रीतीच्या नावाने...”

ती थांबली. चाती थांबायची तशीच. मीही ऐकलं होतं.

“हॅमो,” ती हळू म्हणाली. “मी आत्ता काय म्हणाले?”

“बरोबर म्हणालीस.”

“कारकुना, माझ्या कानाशी खोटं बोलू नकोस.” ओठ हलवत तिने ते मनाशी पुन्हा म्हटलं. “तिथेही हेच म्हणाले मी. एमट म्हणाली पण मला, मावशी किती गोड नाव घेतलंस. मला वाटलं, बाळंतपणाच्या ग्लानीत बोलतेय.”

मला काय झालं ते सांगतो. मला माझाच राग आला. ती कविता या गावात कुणी आणली? मी. वीस वर्षं रविवारमागून रविवार ती ओळ या बाईच्या कानात कुणी ओतली? मी. तीन नावांपैकी एक नाव चुकलं तर बाप्तिस्मा होत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि मी, चर्चचा कारकून, तिला पवित्र आत्म्याच्या जागी एक काव्यातली बाई देऊन बसलो होतो.

“हे बघ मावशी,” मी म्हणालो, “ऐकलं कुणी? एमटने. ती चाळीस दिवस चर्चची पायरी चढणार नाही. पाद्रीबुवा विचारतील तेव्हा तिन्ही नावं नीट सांग. हजार वेळा म्हटली आहेस.”

“मग ते इथे जागा देतील.”

“देतील. त्या सफरचंदाखाली मी स्वतः खणतो.”

“आणि तिकडे?”

“तिकडे कुठे?”

“दारावर रे. सत्य उभं आहे तिथे.” तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते दार बंद करून किल्ली खिशात घातली आहे. “खोटं बोलून मी त्याला तुझ्या कुंपणाच्या आत आणीन. पण पुढचं दार? तिथे त्याला विचारतील, कोण तू. त्याला तर बोलताही येत नाही, हॅमो. त्याच्या वतीने बोलणारी मी एकटी, आणि मीच खोटी निघाले तर?”

“ती कविता आहे, मावशी!” मी ओरडलोच. “कुणी लिहिली, कधी लिहिली, जेवून लिहिली की उपाशी, काही ठाऊक नाही!”

“मग इतकी वर्षं तू आम्हाला काय वाचून दाखवत होतास? थापा?”

तेवढ्यात फाटकातून ड्रू आत आला. त्याने पाळणा म्हणून विणलेली टोपली होती, तिच्यातच मुलाला आणलं होतं. आमच्या मागून पाद्री ऑस्बर्ट नाक पुसत चर्चच्या दारात येऊन उभे राहिले, आणि बोलणं तिथेच संपलं.

ड्रू सहा फुटी माणूस, पण टोपली दोन्ही हातांनी अशी धरली होती, जणू तिच्यात पाणी आहे आणि सांडेल.

“मुलगा जिवंत जन्मला?” पाद्र्यांनी विचारलं.

“हो, फादर,” हॉविस म्हणाली.

“पाणी घातलंत?”

“हो.”

“साधं पाणी? बिअर नाही, दूध नाही?”

“विहिरीचं, फादर.”

“आणि शब्द कोणते म्हणालात? जसे म्हणालात तसे सांगा.”

मी हॉविसच्या मागे उभा होतो. सांग, मनात म्हणत होतो, सांग बाई, पवित्र आत्मा म्हण, दोन शब्दांचं तर काम आहे. ड्रू टोपलीकडे बघत होता. त्याच्या दृष्टीने ही नुसती विचारपूस होती. हॉविसमावशीचं कधी काही चुकलं होतं का?

“पित्याच्या,” हॉविस म्हणाली, “पुत्राच्या, आणि प्रीतीच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते.”

ड्रूने मान वर केली.

“कुणाच्या?” पाद्री म्हणाले.

“प्रीतीच्या. चुकलं माझं. मला आत्ताच कळलं, हॅमोला सांगताना.”

“म्हणजे काय?” ड्रूने विचारलं. कधी माझ्याकडे, कधी पाद्र्यांकडे बघत तो म्हणाला, “म्हणजे काय, हॅमो? झाला ना बाप्तिस्मा?” मग त्याला कळलं. तो हॉविसवर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने टोपली फक्त छातीशी ओढून घेतली आणि कुंपणाकडे पाहिलं.

पाद्री ऑस्बर्ट दाराची पायरी उतरून खाली आले. मग म्हणाले, “ही प्रीती म्हणजे तुमच्या त्या कवितेतली बाई?”

“हो, फादर. दार उघडते ती.”

“पवित्र म्हणताना जीभ घसरली, की प्रीतीच म्हणायचं होतं? नीट आठवून सांगा.”

हॉविसने खरंच आठवलं. घाई केली नाही. “घसरली. बोलताना मला वाटलं, मी पवित्र आत्माच म्हणतेय. पण जीभ जिथे रोज जाते तिकडेच घसरली, फादर.”

त्यांनी कमरेचं पुस्तक सोडलं आणि पानं चाळली. एकाच पानावर ते तीनदा परत आले, हे मी पाहिलं आणि मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच काहीतरी वाटलं. एका ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, “इथे असं आहे. घाबरून किंवा अडाणीपणाने शब्द मोडला, शेवट बिघडला, तरी शब्दाचं डोकं शाबूत असेल आणि मनात बाप्तिस्माच असेल, तर तो टिकतो. पहिलं अक्षर बघायचं.” मग वर बघून म्हणाले, “पवित्र. प्रीती.”

“‘प’,” हॉविस म्हणाली.

“‘प’,” पाद्री म्हणाले. “टिकला. हॅमो, खणायला घ्या.”

मी पुढे एकदा ते पान चोरून पाहिलं. त्यात जे उदाहरण दिलं होतं ते लॅटिन शब्दाच्या शेवटच्या प्रत्ययातल्या चुकीचं होतं. अख्खा शब्दच दुसरा आला तर काय, याबद्दल एक अक्षर नव्हतं. पाद्री ऑस्बर्टनी तो नियम ताणला होता, चामडं ओलं करून ताणतात तसा, आणि त्यांच्यासारख्या माणसाला त्याची किती किंमत पडली असेल ते मला त्या दिवशी कळलं नाही.

सफरचंदाखाली खणलं. ड्रूने मुलाला टोपलीसकट ठेवलं. काढून घ्यावी म्हणून मी हात पुढे केला तर त्याने मान हलवली. पाद्र्यांनी सगळं नीट म्हटलं, एकदाही न शिंकता. मग ड्रू हॉविसजवळ आला, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच उभा राहिला. “एमटला काय सांगू, मावशी?” त्याने विचारलं.

“सांग, आत घेतला.”

तो गेला. मी माती सारखी करत होतो. पाद्री पुस्तक कमरेला बांधत होते. हॉविसही जाईल असं मला वाटलं, पण ती पुन्हा थडग्याच्या दगडावर बसली.

“फादर, एक विचारू?”

“विचारा.”

“ते पहिल्या अक्षराचं. ते जुन्यालाही लागू पडतं?”

“जुन्या कशाला?”

“माझी मुलगी.” कुंपणाकडे न बघता ती बोलत होती. सत्तावीस वर्षांत तिच्या तोंडून हे दोन शब्द मी ऐकले नव्हते. “मरीच्या वर्षी झाली. मला दूध नव्हतं, ताप होता. तिला काहीतरी मिळावं म्हणून पाण्यात बोट बुडवून तिच्या ओठांना लावत होते. हात कापायचा, थोडं कपाळावर सांडायचं. आणि मी म्हणत होते, पी, पोरी, पी.” तिने तीन बोटं वर केली. “तीन आहेत, फादर. मी कधीची मोजतेय. तुम्ही आत्ता म्हणालात म्हणून विचारते.”

मी फावडं खाली ठेवलं.

पाद्री ऑस्बर्ट तिच्यासमोर उकिडवे बसले. एवढा ताठ माणूस, मातीत. “पाणी कपाळावर पडलं होतं?”

“पडलं होतं.”

“त्या वेळी तुमच्या मनात काय होतं?” त्यांचा आवाज अगदी खाली आला. “तिला देवाच्या हाती सोपवावं, असं होतं ना? शब्द ठाऊक नव्हते तरी, मनात तसंच होतं ना, हॉविसबाई?”

ते तिला उत्तर हातात देत होते. तिने नुसतं हो म्हणायचं होतं. मी तर तिच्या वतीने मान हलवायलाही लागलो होतो.

हॉविसने विचार केला. मघाशी केला तसाच, घाई न करता.

“नाही, फादर,” ती म्हणाली. “मला ती कुणालाच द्यायची नव्हती. देवालासुद्धा नाही. तिला तहान लागली होती, एवढंच.”

पाद्र्यांनी डोळे मिटले. तसेच म्हणाले, “मग मला सांगता येत नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही.”

“असू दे,” हॉविस म्हणाली. समजूत ती त्यांची काढत होती. “विचारून बघितलं. इतकी वर्षं विचारायची हिंमत नव्हती, आज झाली.” ती गुडघ्यांवर हात रेटून उठली आणि बाह्या खाली केल्या. “एमटला उद्या-परवा दूध उतरेल. छाती बांधायला हवी, नाहीतर फार दुखतं. कोबीची पानं आहेत का रे हॅमो तुझ्या वाफ्यात, की शेजारणीच्या कोंबड्यांनी खाल्ली?”

मी पानं काढून दिली. ती घेऊन गेली.

रविवारी प्रार्थनेच्या शेवटी आमच्याकडे गावातल्या मृतांची नावं वाचतात. यादी मी लिहायचो. शनिवारी दुपारी मी ड्रू आणि एमटच्या मुलाची ओळ घातली आणि शाई वाळायला पान उन्हात धरलं, तेवढ्यात पाद्री ऑस्बर्ट आले.

“खाली अजून एक घाला,” ते म्हणाले. “हॉविसची मुलगी.”

“नाव, फादर?”

“नाव नाही. तसंच लिहा.”

मी कारकून माणूस. इतके दिवस त्यांना मनातून नावं ठेवली आणि ऐन वेळी त्यांच्याहून कडक निघालो. म्हणालो, “पण फादर, बाप्तिस्मा नसलेल्यांना या यादीत...”

“माहीत आहे मला. हा निकाल नाही, हॅमो. हे मागणं आहे. मागायला कुणी बंदी केलेली मी तरी वाचलेली नाही.” आणि त्यांनी नाक पुसलं, पण ते सर्दीने नव्हतं.

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, पण त्या ओळीचं तेवढं चांगलं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यादी वाचली, आमचे म्हातारे पाद्री, मरीतले लोक, हॉविसचा नवरा, ड्रू आणि एमटचा मुलगा. प्रत्येक नावामागे लोक आमेन म्हणत होते. मग पाद्री ऑस्बर्ट जरा थांबले आणि म्हणाले, “आणि हॉविसची मुलगी.”

तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ती मागच्या खांबाजवळ उभी होती. नाव वाचलं की आमेन म्हणायचं असतं. हॉविसने मात्र मुलीच्या वतीने मोठ्याने ओ दिली, “हो.”